दोन गुणांची गर्दी

हाफ टाइमची शिट्टी होते आणि टेबलवरचा मुलगा पांढऱ्या फळ्यावर मार्करनं आकडे लिहितो : यजमान १९, पाहुणे २७. यजमानांच्या मुली खाली मान घालून बाकाकडे येतात. पाहुण्यांच्या मुली हसत, एकमेकींच्या हातावर टाळ्या देत पाण्याच्या कॅनकडे जातात. आठ गुणांची तफावत काही फार नाही, पण खेळ पाहिलेल्या कुणालाही कळतं की पाहुण्या मुली सरस आहेत. त्यांचे पास नेमके जातात, त्यांची अकरा नंबर उडी मारते तेव्हा रिबाउंडला दुसरं कुणी पोचत नाही, आणि त्यांची चार नंबर बॉलकडे न बघता ड्रिबल करते.

पुण्यात डेक्कनच्या बाजूचं हे एक जुनं कॉलेज. मागं टेकडी, टेकडीच्या डोक्यावर परतीच्या पावसाचे ढग. कोर्ट उघडं. एका बाजूला पर्जन्यवृक्ष, दुसऱ्या बाजूला दगडी पायऱ्यांचा कट्टा, तिसरीकडे तारेची जाळी आणि जाळीपलीकडे पार्किंग. पाहुणा संघ कॅम्पातला, म्हणजे पुणेरी हिशेबानं परगावचाच. सामना मुलींचा, आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना. मुलं याला नुसतं ‘झोनल’ म्हणतात. आतापर्यंतच्या दोन क्वार्टरना पाहायला होतं कोण? विसेक माणसं. कुणाची तरी आई डब्यासकट, एक वडील ऑफिसातून लवकर निघून आलेले, जिमखान्याचे मामा, पुढच्या सामन्याची वाट बघत बूट बांधणाऱ्या मुली, आणि एक जोडपं, ज्यांचं लक्ष सामन्याकडे नाही. बॉल टप्पा घेतो त्याचा आवाज आणि बुटांची करकर स्पष्ट ऐकू येत होती. यजमानांचे सर ‘हात वर, हात वर’ म्हणत होते तेही पलीकडच्या बाकावर पोचत होतं. अशा शांततेत जो बरा खेळतो तो पुढं जातो, आणि तसंच चाललंय.

मग साडेचारची घंटा होते. प्रॅक्टिकलं सुटतात.

आधी चार-पाच जण येतात, सॅक पुढं लटकवलेले, एकाच्या अंगात अजून लॅबचा एप्रन. मग होस्टेलच्या मुली घोळक्यानं येतात. मग कॅन्टीनकडून वडापाव हातात घेतलेली मुलं, आणि त्यांच्या मागं, कट्ट्यावरचा गलका ऐकून, काय चाललंय बघायला आलेले. दहा मिनिटांत दगडी पायऱ्या भरतात. पार्किंगमधल्या अ‍ॅक्टिव्हांच्या सीटवर पोरं उभी राहतात. गणपती उठून थोडेच दिवस झालेत, त्यामुळं पथकातला एक जण ताशा घेऊनच आलाय. त्याचे हात अजून शिवशिवताहेत, बघूनच कळतं.

अशा गर्दीवरून आठवतं : अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचं घरचं मैदान म्हणजे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम. १९४० साली सुरू झालेलं, नऊ हजार तीनशे आणि काही माणसांचं. तिथले विद्यार्थी सामनाभर उभे असतात, आणि मोठ्या सामन्याला आत शिरता यावं म्हणून आठवडेच्या आठवडे बाहेर तंबू ठोकून राहतात. आपल्याकडे तंबू नाहीत. आपल्याकडे ‘ए, मॅच चालूय, खाली ये’ एवढा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज असतो, आणि प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमची मर्जी. या मैदानावर आज दोन्ही जुळून आलंय.

तिसरा क्वार्टर सुरू होतो. कट्ट्याच्या वरच्या पायरीवरून एक किडकिडीत मुलगा दोन्ही हात तोंडाशी नेतो.

‘अरे आवाज कुणाचा?’

पुढचं सांगायला नको. पायऱ्या कॉलेजचं नाव ओरडतात, टेकडीवरून ते परत येतं. या आरोळीचं पुण्यातलं खरं घर बास्केटबॉलच्या कोर्टावर नाही, सदाशिव पेठेत आहे. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा भरवते, आणि भरत नाट्य मंदिराच्या आवारात कॉलेजची पोरं एकांकिकेसाठी घसा फोडून घेतात. पुण्याच्या कॉलेजांमध्ये बाजू घेऊन ओरडायचं शिक्षण मिळतं ते तिथं. गंमत अशी की तिथं कुणालाच घरचं मैदान नाही. रंगमंच सगळ्यांना तोच, विंगा त्याच, परीक्षकही तेच. म्हणून पोरं घर बरोबर घेऊन जातात, दोनशे जणांचं. तरीही परीक्षक त्याला भुलतातच असं नाही. २०२२ मध्ये त्यांनी एकाही एकांकिकेला करंडक द्यायचा नाही असं ठरवलं होतं. हा किडकिडीत मुलगा बहुधा तिथलाच तयार झालेला आहे. श्वास कुठं घ्यायचा ते त्याला माहीत आहे.

कोर्टावर काय होतं ते बघण्यासारखं आहे. यजमानांच्या सात नंबरनं पहिल्या अर्ध्यात बॉल मिळाला की लगेच दुसरीला देऊन टाकला होता, हातात निखारा असल्यासारखा. आता ती बॉल घेते, थांबते, आणि समोरच्या मुलीच्या अंगावरून आत शिरते. ले-अप. २१. तेवढ्यात त्यांचे सर हातानं खूण करतात आणि पाचही जणी मागं न पळता तिथंच, समोरच्या अर्ध्यातच, पाहुण्यांना धरतात. फुल कोर्ट प्रेस. आठ सेकंदांत बॉल मधल्या रेषेपलीकडे न्यावा लागतो. पाहुण्यांची चार नंबर हात वर करून काहीतरी ओरडते, दोन बोटं दाखवते, पण तिच्या बाकीच्या चौघींना ते ऐकू जात नाही. दोघी एकाच जागी धावतात. पंच हात वर करतो, आठ बोटं. बॉल यजमानांचा. ताशा.

घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे ओरडा, असं आपण समजतो. इथं उभं राहिल्यावर कळतं की त्यात मैदानाचाही वाटा आहे. पर्जन्यवृक्षाकडच्या कोपऱ्यात, नळाजवळ, कोर्टाचा वरचा थर उडालाय. तिथं बॉल टप्पा पडल्यावर गुडघ्यापर्यंतही येत नाही. यजमानांच्या मुलींना हे पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. त्या ड्रिबल करत तिकडे जातच नाहीत. उलट पाहुण्यांच्या मुलीला दोघी मिळून हळूहळू त्या कोपऱ्याकडे रेटतात, तिचा टप्पा मरतो, ती वाकते, आणि सात नंबर बॉल काढून घेते. हे सलग दोनदा होतं. पार्किंगकडची रिंगही तशीच, जरा सैल. बॉल रिंगवर जोरानं आपटला तरी बाहेर उडत नाही, घुटमळतो आणि पुष्कळदा आत पडतो. पहिल्या अर्ध्यात यजमान त्या रिंगवर मारत होते आणि त्यांचे दोन-तीन बास्केट त्या सैल रिंगेचेच होते. आता बाजू बदलल्यात. ती रिंग पाहुण्यांच्या वाट्याला आलीय, पण रिंगेच्या मागं जाळी आहे, आणि जाळीला पोरं.

अकरा नंबरला फाउल मिळतो. दोन फ्री थ्रो. बोर्डापासून चार मीटर साठ सेंटिमीटरवरची रेषा, दहा फुटांवरची रिंग, समोर कुणी अडवायला नाही, घाई नाही. बास्केटबॉलमधला सगळ्यात सोपा आणि म्हणूनच सगळ्यात अवघड फटका. ती रेषेवर येते तशी बोर्डामागची जाळी हलायला लागते. दहा-बारा पोरं जाळीला लोंबकळून ती पुढं-मागं करताहेत. माझ्या जागेवरून बघताना जाळी हलते की बोर्ड हलतो हे क्षणभर कळत नाही. तिलाही कळत नसणार. पहिला बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली येतो.

‘एक ते चार बंद!’ अ‍ॅक्टिव्हावरून कुणीतरी ओरडतं. सगळा कट्टा हसतो.

‘अहो, पाच वाजायला आले, उघडा आता!’ हा आवाज पाहुण्यांच्या बाकावरून. त्यांच्या बदली खेळाडूंपैकी एक. हशा पुन्हा, या वेळी दोन्हीकडून. पण दुसरा फ्री थ्रोही जात नाही.

सगळंच असं गमतीचं नसतं, तेही सांगितलं पाहिजे. जाळीवरच्या एकाला पाहुण्यांच्या अकरा नंबरचं नाव कुठून तरी कळलंय. तो नाव घेऊन ओरडतो, मग तिच्या अंगकाठीवर काहीतरी बोलतो. यजमान कॉलेजच्याच क्रीडा विभागाच्या मॅडम बाकावरून उठतात, सरळ जाळीपाशी जातात. ‘ए, नाव घेऊन नाही ओरडायचं. आपल्या मुलींसाठी ओरड. नाहीतर वर्गात जा.’ मुलगा गप्प होतो. शेजारचे त्यालाच हसतात. मुलींच्या सामन्याला गर्दी हवी असं म्हणणाऱ्यांनी अशा एका मॅडमची सोय आधी करावी.

आता पंचांकडे बघू. दोन पंच आहेत. एक उंच, जरा पोट सुटलेला, शिट्टी ओठांत धरूनच धावणारा. दुसरा तरुण. पहिल्या अर्ध्यात दोन्ही बाजूंचे फाउल साधारण सारखे होते. या क्वार्टरमध्ये पाहुण्यांचे टीम फाउल चटचट वाढतात. कोपर लागलं की कट्टा एका सुरात ‘एऽऽऽ’ करतो आणि शिट्टी येते. तेच कोपर पलीकडे लागतं तेव्हा कट्टा गप्प असतो, आणि शिट्टीही. पंच लबाडी करतोय असं मला अजिबात वाटत नाही. हा माणूस घामाघूम होऊन प्रामाणिकपणे धावतोय. पण एका सेकंदाच्या आत ठरवायचं असतं, आणि कानात जे येतं ते डोळ्यांच्या मदतीला धावतं. इंग्लंडमध्ये संशोधक अ‍ॅलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हेच तपासून दाखवलं. चाळीस फुटबॉल पंचांना लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावरचा एकच सामना पडद्यावर दाखवला, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे पंधरा टक्के कमी फाउल दिले. आवाजानं त्यांना पाहुण्यांविरुद्ध कडक केलं नव्हतं. यजमानांविरुद्ध शिट्टी वाजवताना ते थोडे बिचकले, इतकंच. हा उंच पंचही तसाच, शिट्टी ओठांत आहे पण गाल फुगत नाहीत.

पाहुण्यांचा पाचवा टीम फाउल. आता प्रत्येक फाउलला यजमानांना दोन फ्री थ्रो. सात नंबर रेषेवर येते तेव्हा कट्टा आपणहून शांत होतो, कुणी सांगायला लागत नाही. दोन्ही आत. क्वार्टर संपतो तेव्हा फळ्यावर ३३–३६. यजमानांचे चौदा, पाहुण्यांचे नऊ.

माझ्या शेजारी उभे असलेले गृहस्थ दुसऱ्या एका कॉलेजचे निवृत्त क्रीडा संचालक आहेत. पुढच्या सामन्यासाठी आलेत. ते फळ्याकडे हनुवटी करून म्हणतात, ‘गर्दी दोन-तीन पॉइंट देते हो. वीस नाही देत.’

मला बेंगळुरू आठवतं. २०१७ च्या जुलैत तिथल्या कांतीरवा स्टेडियममध्ये महिलांच्या आशिया चषकाच्या ‘ब’ गटाची अंतिम लढत झाली. भारतानं कझाकस्तानला हरवलं, ७५–७३. पुण्याची शिरीन लिमये त्या संघात होती, जी पुढं भारताची कर्णधारही झाली. दोन गुणांचा विजय, घरचे प्रेक्षक, ‘अ’ गटात प्रवेश. दोन वर्षांनी, २०१९ च्या सप्टेंबरात, ‘अ’ गटाची स्पर्धाही बेंगळुरूतच झाली. शहर तेच, लोक तेच. समोर जपान, कोरिया, तैपेई. भारत सगळे सामने हरला आणि आठ संघांत आठवा आला. लोक तेव्हाही ओरडतच होते. शेजारच्या सरांचा हिशेब बरोबर आहे. तोलामोलाचा सामना असेल तर गर्दी पारडं झुकवते. तोल मुळातच नसेल तर ती फक्त सोबत करते. ड्यूकच्या तंबूतल्या पोरांनाही कुणी हे सांगायला हरकत नाही. त्यांचा संघ जिंकतो तो आधी चांगले खेळाडू निवडल्यामुळं.

पण हा सामना आता तोलामोलाचा झालाय.

चौथा क्वार्टर. ढग खाली आलेत, चार थेंब पडून जातात. मामा लगेच पोतं घेऊन धावत येतात आणि मधलं वर्तुळ पुसतात. त्यांनाही टाळ्या मिळतात. ते पोतं वर करून दाखवतात, करंडक उचलल्यासारखं. ३५–३८. ३७–३८. पाहुण्यांची चार नंबर हुशार आहे. आवाजात ओरडून उपयोग नाही हे तिला कळलंय. ती आता प्रत्येक वेळी दोघी-तिघींच्या जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून बोलते, मग बॉल घेते. प्रेस मोडायला सुरुवात होते. ३९–४३. कट्टा जरा थंडावतो. किडकिडीत मुलाचा घसा बसलाय. तो नुसताच हात हलवतो, आरोळी दुसरं कुणीतरी पुरी करतं.

मग सात नंबरचा तीन गुणांचा फटका, पर्जन्यवृक्षाच्या बाजूनं, थेट आत. ४२–४३. पुढचा बॉल नळाच्या कोपऱ्यात मेलेला, काढून घेतलेला, ले-अप. ४४–४३. सामन्यात पहिल्यांदाच यजमान पुढं आहेत आणि दोन मिनिटं बाकी आहेत. आता जे चाललंय त्याला आवाज म्हणणं कमी पडेल. ताशावाल्यानं लय सोडून दिलीय. होस्टेलच्या मुली पायऱ्यांवर उड्या मारताहेत. डबा घेऊन आलेल्या आई डबा वाजवताहेत. ४४–४५. ४६–४५. वीस सेकंद. बॉल पाहुण्यांकडे.

यजमानांचे सर रेषेवर येऊन दोन्ही हातांनी खुणावताहेत. ते माझ्यापासून दहा पावलांवर आहेत, आणि त्यांचे ओठ वाचूनच मला कळतं की ते काय म्हणताहेत. ‘फाउल नको. फाउल नको.’ यजमानांचेही चार टीम फाउल झालेत. आता फाउल म्हणजे दोन फ्री थ्रो. मुलींना फक्त समोर उभं राहायचंय, हात वर करून. पण त्यांची पाठ सरांकडे आहे आणि सर ओरडताहेत ते एका फुटापलीकडे जात नाही. त्यांच्याच कॉलेजनं, त्यांच्याच पोरांनी, त्यांचा आवाज बुजवून टाकलाय. पहिल्या अर्ध्यात हाच आवाज पलीकडच्या बाकापर्यंत जात होता.

अकरा नंबर बॉल घेऊन वळते. यजमानांची नऊ नंबर, पहिल्या वर्षाची पोर, त्या गदारोळात अंगावर जाते. हात लागतो. स्पष्ट लागतो. उंच पंच या वेळी बिचकत नाही. आठ सेकंद बाकी. दोन फ्री थ्रो, त्याच रिंगवर, जाळीसमोर.

जाळी पुन्हा हलायला लागते, तिसऱ्या क्वार्टरमध्ये हलली त्याच्या दुप्पट. अ‍ॅक्टिव्हांचे हॉर्न. ‘एक ते चार बंद!’ अकरा नंबर रेषेवर येते. या वेळी ती रिंगेकडे बघत नाही. आधी जाळीकडे बघते, मघाच्या त्या पोराकडेच बहुतेक, आणि हसते. मग बॉल तीनदा टप्पे देऊन घेते, नजर बॉलवर, गुडघे वाकवते आणि सोडते. सैल रिंगवर बॉल दोनदा घुटमळतो आणि आत पडतो. ४६–४६. दुसरा रिंगला शिवतही नाही. ४६–४७.

पंधरा-वीस मिनिटांत तिला या जाळीची सवय झाली होती. घरच्या मैदानाचं एवढंच आयुष्य असतं बहुधा. शहाण्या पाहुण्याला ते कळेपर्यंत.

आठ सेकंदांत सात नंबर पूर्ण कोर्ट पळते. शेवटचा फटका बोर्डाला लागून रिंगच्या कडेवरून बाहेर येतो. टेबलवरचा हॉर्न वाजला की नाही ते कुणालाच ऐकू येत नाही. तरुण पंच दोन्ही हात वर करून सामना संपल्याचं दाखवतो, तेव्हा समजतं.

नऊ नंबर रडतेय. सात नंबर तिला जवळ घेते. ‘अगं, रडतेस काय, दोन वर्षं आहेत अजून तुला.’ किडकिडीत मुलगा फुटलेल्या आवाजात पाहुण्यांच्या कॉलेजचं नाव घेऊन ‘आवाज कुणाचा’ सुरू करतो आणि कट्टा तेही नाव ओरडतो. पाहुण्या मुली जाताना कट्ट्याला हात जोडतात. निवृत्त सर त्यांच्या वहीत पुढच्या सामन्यातल्या मुलींची नावं तपासायला लागतात. त्या सामन्याचे दोन्ही संघ बाहेरचे आहेत. पाच मिनिटांत कट्टा रिकामा होतो.

माझं म्हणणं असं : आठ गुणांनी मागं असलेला संघ शेवटच्या वीस सेकंदांत एका गुणानं पुढं होता, त्याचं निम्मं श्रेय त्या साडेचारच्या घंटेचं आहे. ती चारला झाली असती तर सामना कदाचित वेगळा लागला असता. आपल्या कॉलेजांमध्ये हजेरीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपायी घरच्या सामन्याच्या दिवशीही मुलं वर्गात कोंडलेली असतात, आणि मुली विसेक माणसांसमोर खेळून घरी जातात. प्राचार्य मंडळींनी त्या दिवशी शेवटचे दोन तास सोडून द्यावेत. आणि तुमच्या घराजवळच्या कॉलेजात झोनल असेल तर संध्याकाळी तासभर जाऊन उभे राहा. तिकीट नसतं, जागा भरपूर असते. ओरडायचं असेल तर ओरडा, फक्त शेवटच्या मिनिटात सरांचं मुलींना ऐकू जाऊ द्या.